नेमकं किती कापायचं ते टेबलावर ठरेल

“नेमकं किती कापायचं ते टेबलावर ठरेल.” सर्जनच्या तोंडून हे वाक्य ऐकलं तेव्हा मला आधी रागच आला. तीन आठवडे तपासण्या चालल्या होत्या, फाइल इंचभर जाड झाली होती, आणि तरी ठरलेलं काहीच नाही? त्या रात्री मी ‘इंट्राऑपरेटिव्ह अल्ट्रासाउंड’, म्हणजे ऑपरेशन चालू असताना सोनोग्राफीचा प्रोब थेट लिव्हरवर ठेवून बघणं, हे शब्द शोधत बसले. जे सापडलं ते सगळं डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेलं होतं. घरच्यांना कशावर सही करावी लागते, कुठे थांबावं लागतं, मधेच दार उघडून कोणी काही विचारलं तर काय बोलायचं, याबद्दल एक ओळ मिळाली नाही. म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. बाबांची मुलगी आणि त्या फाइलची राखणदार, एवढीच माझी पात्रता.

बाबा 63 वर्षांचे. हिपॅटायटिस बी जुना आहे, आणि त्यातून सिरॉसिस, म्हणजे लिव्हर व्रणांनी टणक होत जाणं, सुरू झाल्याचं चार वर्षांपूर्वी कळलं होतं. अशा माणसाने दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी आणि एएफपीची (लिव्हरच्या कॅन्सरमध्ये बरेचदा वाढणाऱ्या प्रथिनाची) रक्ततपासणी करून घ्यायची असते. आम्ही मधली एक खेप चुकवली. कारण सांगण्यासारखं नाही. बरं चाललं होतं, राहून गेलं. 9 जानेवारीच्या सोनोग्राफीत लिव्हरच्या उजव्या बाजूला साधारण 3 सेंटिमीटरची गाठ दिसली. 13 तारखेला एएफपी आलं 186. रिपोर्ट हातात घेऊन मी जिन्यात बसले आणि घरी जाऊन सांगायची वाक्यं मनात तीनदा बदलली. बाबांनी पहिल्याच वाक्याला विचारलं, “मोठी आहे का गं?”

16 तारखेला सीटी स्कॅन. इथली पहिली सूचना: स्कॅनमध्ये शिरेतून औषध सोडतात, त्यामुळे क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा, ताजा रिपोर्ट लागतो. आमच्याकडचा दोन महिने जुना होता, तो चालला नाही, अर्धा दिवस गेला. या सीटीत औषध दिल्यावर ठरावीक वेळांनी चित्रं घेतात. लिव्हरच्या कॅन्सरची गाठ बहुतेक करून रोहिणीतल्या रक्तावर वाढते, म्हणून ती आधी चमकते, आणि नंतर आजूबाजूचं लिव्हर उजळतं तेव्हा ती फिकी पडते. सिरॉसिस असलेल्या माणसात हे चित्र स्पष्ट असेल तर निदानासाठी सुईने तुकडा काढायची गरज बहुधा पडत नाही. दादाला हे पटेना. “बायोप्सी न करता कॅन्सर कसं म्हणतात?” ऑन्कॉलॉजिस्ट मॅडमनी शांतपणे दोन्ही चित्रं शेजारी ठेवून दाखवली, आणि सुईच्या वाटेने पेशी पसरण्याचा थोडा का होईना धोका असतो हेही सांगितलं. दादा गप्प झाला, पटलं असं नाही म्हणणार.

सीटीच्या रिपोर्टमध्ये एक ओळ होती: सेगमेंट 7 मध्ये (लिव्हरच्या आठ भागांपैकी एक) 3.4 सेंटिमीटरची गाठ, ‘उजव्या हिपॅटिक व्हेनला लागून’, म्हणजे लिव्हरमधून रक्त बाहेर नेणाऱ्या मोठ्या शिरेला. पुढचा सगळा महिना या ‘लागून’भोवती फिरला. लागून म्हणजे टेकून, चिकटून, की आत शिरून?

24 जानेवारीला ट्यूमर बोर्ड, म्हणजे सगळ्या शाखांचे डॉक्टर एकत्र बसून केस बघतात ती बैठक. घरच्यांना आत घेत नाहीत. बाहेर आला तो एका ओळीचा कागद: शस्त्रक्रियेचा विचार व्हावा. गाठ सुईने जाळता येणार नाही का, असं मी विचारलं होतं. उत्तर असं की मोठ्या शिरेच्या शेजारी वाहतं रक्त सुईची उष्णता वाहून नेतं, त्यामुळे शिरेलगतची कड जिवंत राहू शकते.

29 तारखेला सर्जनची ओपीडी. तीन तास बाकावर, बारा मिनिटं आत. त्यांनी केसपेपरच्या मागे लिव्हरचे आठ भाग काढून दाखवले. हे भाग बाहेरून दिसत नाहीत, आत शिरा जशा फुटतात त्यावरून ठरतात. क्लोद कुइनो नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1957 मध्ये मांडलेली ही विभागणी सर्जन आजही वापरतात. तो कागद मी जपून ठेवलाय. पुढे प्रत्येक रिपोर्ट वाचताना तोच समोर असायचा. आणि मग ते वाक्य आलं. किती कापायचं ते टेबलावर ठरेल.

पुढचे दहा दिवस आणखी तपासण्यांचे. 4 फेब्रुवारीला एमआरआय, लिव्हरच्या पेशी शोषून घेतात अशा औषधाचा. त्यातली शेवटची चित्रं औषध दिल्यावर सुमारे वीस मिनिटांनी घेतात, म्हणून वेळ लागतो, आणि श्वास पुन्हा पुन्हा रोखावा लागतो. आदल्या दोन दिवसांत बाबांनी घरी श्वास रोखायचा सराव केला. तुम्हीही करा, चित्रं हललेली आली तर पुन्हा जावं लागतं. सीटीची सीडी हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर उघडलीच नाही, तिथे एक दिवस वाया. त्यानंतर मी प्रत्येक स्कॅनची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यायला लागले.

6 तारखेला आयसीजी चाचणी. हिरवं औषध शिरेत देतात आणि पंधरा मिनिटांनी त्यातलं किती रक्तात उरलंय ते मोजतात. लिव्हर जितकं धडधाकट तितकं कमी उरतं. बाबांचं 13 टक्के. सीटीवरून लिव्हरचं आकारमान मोजणंही झालं: उजवा अर्धा भाग काढला तर डावीकडे 41 टक्के उरेल. सिरॉसिस असलेल्या लिव्हरमध्ये साधारण 40 टक्के तरी मागे राहावं असं धरतात. म्हणजे आकारमानाने आम्ही कुंपणावर, आणि 13 हा आकडा निरोगी लिव्हरपेक्षा जास्त, तो म्हणत होता की त्या कुंपणावर बसू नका. एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या शिरा फुगलेल्या नाहीत हे बघितलं, टूडी इको झाला, हिपॅटायटिसच्या गोळीचा नेम पुन्हा बसवला. त्यावर फार लिहीत नाही, हे सगळीकडे होतं.

10 फेब्रुवारीला सर्जनकडे पुन्हा गेलो. या वेळी मी प्रश्न कागदावर लिहून नेले होते. पहिला: सीटी झाला, एमआरआय झाला, मग पोट उघडल्यावर परत सोनोग्राफी कशाला?

“काका, सीटीमधलं लिव्हर म्हणजे तुम्ही पाठीवर झोपून श्वास धरलात तेव्हाचं,” सर्जन बाबांकडे बघून म्हणाले. “मी आत गेलो की त्याला धरून ठेवणारे पडदे सोडवतो, ते उचलतो, डावीकडे वळवतो. मग चित्रातली जागा आणि हातातली जागा जुळत नाही. प्रोब माझ्या हाताबरोबर फिरतो. कापताना दर थोड्या वेळाने लावून बघता येतं की आपण गाठीपासून किती लांब आहोत, पुढे कुठली शीर येतेय.”

“पण हाताला लागत नाही का गाठ?” आईने विचारलं. ते म्हणाले, निरोगी लिव्हर मऊ असतं. सिरॉसिसचं मुळातच टणक आणि खडबडीत, त्यात खोलवरची लहान गाठ बोटांना कळत नाही.

पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत आणि यात फरक काय, हा माझा प्रश्न. पोटावरून बघताना ध्वनिलहरींना कातडी, चरबी आणि फासळ्यांमधली फट ओलांडून जावं लागतं, आतड्यातला वायू आडवा येतो. इतकं खोल पोचायचं तर लहरींची वारंवारता कमी ठेवावी लागते, 3.5 मेगाहर्ट्झच्या आसपास, आणि मग बारकावे पुसट होतात. ऑपरेशनमध्ये प्रोब थेट लिव्हरवर टेकतो, मध्ये काहीच नाही, त्यामुळे 7.5 मेगाहर्ट्झसारखी जास्त वारंवारता चालते आणि काही मिलिमीटरचे ठिपकेही दिसू शकतात. प्रोब इंग्रजी टी अक्षरासारखा, दोन बोटांत मावेल एवढा. निर्जंतुक केलेला. लिव्हर ओलंच असतं, त्यामुळे जेलीऐवजी सलाइनचं पाणी पुरतं.

बाबा एवढा वेळ ऐकत होते. म्हणाले, “बाहेरून बघून झालं, नळीतून बघून झालं, आता वरून ठेवून बघणार. माझ्या पोटात बघायचं राहिलेला कोणी आहे का अजून?” सर्जन हसले. त्या खोलीतलं पहिलं हसू.

दादाला हा नवा प्रयोग वाटत होता. त्याने तसं विचारलंही. तर कळलं, जपानमधले सर्जन मासातोशी माकुउची यांनी ही पद्धत त्याच्या जन्माआधीच रुळवली होती. 1985 मध्ये त्यांनी प्रोबखाली बघत गाठीच्या भागाला रक्त नेणाऱ्या शिरेत रंग सोडायचा आणि लिव्हरचा जेवढा पृष्ठभाग रंगेल तेवढाच भाग काढायचा, अशी रीत प्रसिद्ध केली. लिव्हरचा कॅन्सर त्याच शिरांच्या वाटेने शेजारी पसरतो, म्हणून त्या वाटेवरचा पूर्ण भाग काढायचा आणि बाकीच्याला हात लावायचा नाही, हा त्यामागचा विचार. आयसीजीच्या आकड्यावरून किती काढणं झेपेल हे ठरवायचा आडाखाही त्यांचाच. सिरॉसिसच्या रुग्णाचं लिव्हर वाचवत कॅन्सर काढणं हाच त्यांच्यापुढचा पेच होता. आमचाही तोच.

मग संमतीपत्र. त्यावर ऑपरेशनचं एक नाव नव्हतं, तीन शक्यता होत्या. पहिली: शीर मोकळी असेल तर सेगमेंट 7 एवढाच काढणे. दुसरी: शिरेत गाठ शिरली असेल आणि भूलतज्ज्ञ व सर्जन दोघांना झेपेल वाटलं तर लिव्हरचा उजवा अर्धा भाग काढणे. तिसरी: इतर ठिकाणी नवीन काही सापडलं तर त्याप्रमाणे काढणे, जाळणे, किंवा काही न काढता पोट बंद करणे. ही तिसरी ओळ वाचून आई उठून बाहेर गेली. मी तिच्या मागे गेले नाही, कारण मला ती ओळ पुन्हा वाचायची होती.

आता मागे वळून बघताना वाटतं, त्या फॉर्मवर एकच नाव असतं तर मी जास्त घाबरायला हवं होतं. पण हे तेव्हा सुचलं नाही.

इथे काही गोष्टी विचारून घ्या, आम्हाला त्या उपयोगी पडल्या. प्रोब कोण धरणार? आमच्याकडे सर्जन स्वतः, आणि गरज लागली तर रेडिऑलॉजिस्ट ओटीत येणार होते. म्हणून ऑपरेशनच्या दिवशी रेडिऑलॉजिस्ट रजेवर नाहीत ना, हेही मी विचारलं. वेडेपणा वाटेल, पण सिस्टरनी लगेच फोन करून खात्री केली. मधे निर्णय बदलला तर बाहेर येऊन सांगणार का, आणि कोणाला? बाबांनी फॉर्मवर माझं नाव लिहायला सांगितलं, दादाचं नाही. दादाला ते लागलं. घरी आल्यावर बाबा त्याला म्हणाले, “तू प्रश्न विचारत बसशील. तिथे तेवढा वेळ नसतो.” खर्चाचा अंदाजही तिन्ही शक्यतांचा वेगवेगळा मागा. जाळण्याची सुई एकदाच वापरायची असते आणि महाग असते, ती अंदाजात बहुतेक वेळा धरलेली नसते.

विम्याच्या पूर्वमंजुरीत मात्र आम्ही चुकलो. अर्जाच्या रकान्यात एकच ऑपरेशन मावत होतं, तर काउंटरवरच्या माणसाने सगळ्यात मोठं, म्हणजे उजवा अर्धा भाग काढणं, लिहिलं. “जास्तीचं मंजूर झालेलं बरं,” असं त्याचं म्हणणं. मलाही ते शहाणपणाचं वाटलं. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

तारीख 19 फेब्रुवारी मिळाली होती. 18 च्या रात्री नऊला फोन आला, आयसीयूत खाट नाही, पुढे ढकलतोय. बाबांची बॅग भरलेली तशीच दाराशी पाच दिवस होती. त्या पाच दिवसांबद्दल मला काही लिहायचं नाही.

24 फेब्रुवारी. सकाळी 7.40 ला आत नेलं. भूल, मानेतली आणि मनगटातली नळी, पाठीतलं वेदनेचं औषध, यातच दीड तास जातो असं भूलतज्ज्ञांनी आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, त्यामुळे नऊपर्यंत मी बऱ्यापैकी शांत होते. ही माहिती मागून घ्या. नाहीतर तुम्ही घड्याळ चुकीच्या जागेपासून मोजायला लागता.

10.50 ला ओटीच्या दारातून बाबांचं नाव पुकारलं. इतक्या लवकर पुकारलं म्हणजे पोट बंद केलं, असंच मला वाटलं. दादाने माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी वळ होता. बाहेर आल्या त्या सर्जनच्या सहकारी मॅडम, टोपी-मास्कमधले फक्त डोळे. त्या म्हणाल्या, “घाबरू नका, काका स्थिर आहेत. दोन गोष्टी सांगायच्यात. मोठी गाठ शिरेला टेकलीय, पण मध्ये लिव्हरचा पातळ थर दिसतोय आणि शिरेची भिंत सलग आहे. म्हणजे उजवा भाग काढायची गरज दिसत नाही. दुसरी गोष्ट, सेगमेंट 4 मध्ये 8 मिलिमीटरचा एक ठिपका दिसतोय. एमआरआयमध्ये तो कळला नव्हता. शिरेतून बुडबुड्यांचं औषध देऊन पाहिलं, तो थोडा चमकतोय, पण खात्रीने काही म्हणता येत नाही. पृष्ठभागाजवळ आहे, लहान तुकडा काढून टाकता येईल. सरांचं मत काढावा असं आहे. तुमची हरकत?”

मी विचारलं, “ठेवला तर?” त्या म्हणाल्या, “तर दर तीन महिन्यांनी त्याच्याकडे बघत राहायचं. कॅन्सर असेल तर परत यावं लागेल.” “काढल्याने मागे किती कमी उरेल?” “फारसा फरक नाही.” मी हो म्हटलं. सगळं मिळून दोन मिनिटं. दार बंद झाल्यावर दादा म्हणाला, “मीही हेच विचारलं असतं.” खरंच विचारलं असतं.

बुडबुड्यांच्या औषधाबद्दल नंतर रेडिऑलॉजिस्टना विचारलं. वायूचे अतिसूक्ष्म बुडबुडे शिरेतून सोडतात, ते रक्ताबरोबर फिरतात आणि सोनोग्राफीत चमकतात. गाठीत रक्त कसं येतं-जातं ते त्यावरून कळतं. तो वायू श्वासावाटे निघून जातो, किडनीवर भार नाही.

आत काय झालं ते मला नंतर ऑपरेशन नोटवरून आणि सर्जननी दाखवलेल्या साठवलेल्या चित्रांवरून कळलं. आधी अख्खं लिव्हर प्रोबने चाळून काढतात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, शिरा धरून. लिव्हरमध्ये रक्त आणणाऱ्या पोर्टल शिरांच्या भिंती पडद्यावर पांढऱ्या ठळक दिसतात आणि हिपॅटिक शिरांना अशी कड जवळपास नसते. एकदा हे सांगितल्यावर मलाही चित्रात ओळखता आल्या, उगाच जरा ताठ बसले. मग सेगमेंट 7 ला रक्त नेणारी शीर प्रोबखाली शोधून बांधली. तेवढ्या भागाचा रंग गडद झाला आणि लिव्हरवर हद्द उमटली. ती हद्द विजेच्या चटक्याने आखून घेतली. कापताना लिव्हरकडे जाणारा रक्तप्रवाह पंधरा मिनिटं बंद, पाच मिनिटं चालू, असं तीन वेळा केलं. प्रिंगल नावाच्या सर्जनने 1908 मध्ये लिहून ठेवलेली युक्ती, अजून तीच. मधे मधे प्रोब ठेवून गाठीपासूनचं अंतर बघितलं. काढलेला तुकडा सलाइनच्या भांड्यात बुडवून त्याचीही सोनोग्राफी केली, गाठीभोवती सगळीकडे कड सुटलीय ना यासाठी. शेवटी डॉप्लरने (रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीने) राहिलेल्या शिरांतून रक्त नीट वाहतंय हे पाहून पोट शिवलं. रक्ताच्या दोन पिशव्या राखून ठेवल्या होत्या, एक लागली.

2.15 ला सर्जन स्वतः बाहेर आले. हिरव्या कपड्यावर घामाचे डाग. “झालं,” म्हणाले, “लहानातलं ऑपरेशन झालं.” आईने नमस्कारासाठी हात जोडले आणि तिला बोलताच आलं नाही.

आयसीयूत दोन रात्री. तिसऱ्या दिवशी ड्रेनमधलं, म्हणजे पोटातून बाहेर काढलेल्या नळीतलं, पाणी तपासतात, त्यात बिलिरुबिन (पित्तातलं पिवळं द्रव्य) रक्तापेक्षा तिप्पट असेल तर पित्त गळतंय असं समजतात. बाबांचं नव्हतं. रक्तातलं बिलिरुबिन दुसऱ्या दिवशी 2.7 पर्यंत चढलं आणि मी रात्रभर झोपले नाही. लिव्हरच्या ऑपरेशननंतर ते आधी चढतं, बघायचं असतं ते पाचव्या दिवसाकडे, हे सिस्टरनी सकाळी सांगितलं. पाचव्या दिवशी 1.6, आणि रक्त गोठण्याचा आकडा, आयएनआर, 1.3. हे आकडे एका वहीत तारखेनिशी लिहीत गेले, राऊंडला डॉक्टर विचारायचे तेव्हा त्यांच्याआधी मी सांगायचे. बाबांना पहिल्याच दिवशी खाटेवरून उतरवून बसवलं, दुसऱ्या दिवशी चालवलं. फुप्फुसांच्या व्यायामासाठी दिलेल्या तीन गोळ्यांच्या फुंकणीचा त्यांना मनापासून राग होता. “63 वर्षं फुकट श्वास घेतला, आता मोजून घ्यायला लावतात.”

4 मार्चला डिस्चार्ज. सकाळी दहाला कागद तयार, निघालो संध्याकाळी सव्वासहाला. कारण पूर्वमंजुरी उजव्या अर्ध्या भागाची आणि झालेलं ऑपरेशन वेगळं. विमा कंपनीने विचारलं, मंजूर केलेली शस्त्रक्रिया का केली नाही? कमी कापलं म्हणून आम्ही खुलासा द्यायचा होता. दुसरी शंका त्याहून भारी: बिलात दोनदा अल्ट्रासाउंड का, आणि 9 जानेवारीला सोनोग्राफी झालेली असताना परत का? त्यातली एक नोंद प्रोबची होती. दुसरी होती लिव्हर कापायच्या यंत्राच्या टोकाची. ते यंत्रही ध्वनिलहरींच्या कंपनांवर चालतं, पेशी फोडून शोषून घेतं आणि शिरा शाबूत ठेवतं, म्हणून त्याच्या नावातही ‘अल्ट्रासोनिक’. एक बघायचं, एक कापायचं. सर्जनच्या सहकारी मॅडमनी तीन ओळींचं पत्र लिहून दिलं तेव्हा सुटलो. तुम्ही पूर्वमंजुरीच्या अर्जासोबत सर्जनचं पत्र आधीच जोडा, त्यात सगळ्या शक्यता आणि ‘ऑपरेशनदरम्यान अल्ट्रासाउंड’ हे शब्द स्पष्ट असू द्या. अंतिम बिल पहिल्या अंदाजापेक्षा साधारण पाचव्या हिश्शाने जास्त आलं, त्यातला काही भाग आम्हाला भरावा लागला.

10 मार्चला पॅथॉलॉजी रिपोर्ट. मोठी गाठ कॅन्सरच, 3.3 सेंटिमीटर, कड स्वच्छ, सूक्ष्म शिरांत शिरकाव नाही. सेगमेंट 4 चा ठिपका: कॅन्सर नाही. ‘हाय ग्रेड डिस्प्लास्टिक नोड्यूल’, म्हणजे कॅन्सरच्या अलीकडची पायरी, जिथून पुढे जातात काही, सगळे नाही.

हा निकाल आनंदाचा, आणि तरी दोन दिवस मला तो सलत राहिला. मी हो म्हटलं होतं आणि बाबांच्या मोजक्या उरलेल्या लिव्हरमधला एक तुकडा कॅन्सर नसताना गेला. सर्जनना तसं विचारलं. त्यांनी सारवासारव केली नाही. “सिरॉसिसमध्ये प्रोब जास्त दाखवतो. त्यातलं काही निरुपद्रवी निघतं. टेबलावर मला जे दिसलं त्यावर मी उद्याही हाच निर्णय घेईन, पण प्रत्येक ठिपका काढत बसलो तर लिव्हर उरणार नाही हेही खरं.” बाबांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, “दोन मिनिटांत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दोन आठवडे तपासायचं नसतं,” आणि पेपर उघडला.

डिस्चार्जच्या कार्डाखेरीज ऑपरेशन नोटची पूर्ण प्रत मागून घ्या. कार्डावर आमच्याकडे एक ओळ होती, नोट दोन पानांची. अर्ज करावा लागला, चार दिवसांनी मिळाली. ठिपका कुठे होता, प्रोबने काय दिसलं, आणखी कुठल्या गाठी बघून सोडून दिल्या, सगळं त्यात असतं. आमच्या नोटमध्ये सेगमेंट 3 मधल्या एका 5 मिलिमीटरच्या गाठीची नोंद आहे: औषध दिल्यावर चमकली नाही, म्हणून हात लावला नाही.

3 जूनला तीन महिन्यांचा सीटी आणि एएफपी. एएफपी 5. पण स्कॅन झाल्यावर तंत्रज्ञ बाहेर येऊन म्हणाला, “रेडिऑलॉजिस्ट बोलावताहेत.” पायातलं बळ गेलं. आत गेले तर त्यांनी पडद्यावर सेगमेंट 4 मधली एक काळी खाच दाखवून विचारलं, “इथे काही केलं होतं का? कार्डावर फक्त सेगमेंट 7 लिहिलंय.” मी फाइलमधून नोट काढून दिली. त्यांनी दोन्ही पानं सावकाश वाचली, सेगमेंट 3 ची ओळ पेन्सिलने अधोरेखित केली, ती जागा स्कॅनमध्ये मोठी करून बघितली. “आहे तेवढीच आहे.” संध्याकाळी रिपोर्ट आला, नवीन गाठ नाही. पुढची तारीख 2 सप्टेंबर, क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट घेऊन या असं खाली लिहिलंय.